कसुतीची सुई आणि कष्टाचा हिशेब

(सप्तापूर, धारवाड येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सप्तापूर हे नाव आज धारवाडबाहेरही विद्यार्थ्यांच्या तोंडी आहे. कर्नाटक कॉलेजच्या परिसरालगतच्या या वस्तीत आता जिकडे पाहावे तिकडे स्पर्धा-परीक्षांच्या वर्गांच्या पाट्या दिसतात. उत्तर कर्नाटकातील खेड्यापाड्यांतून मुले-मुली येथे येतात, खोली घेऊन राहतात, रात्रीचा दिवस करून अभ्यास करतात. त्यांची फी कोठून येते, असे विचारले तर उत्तर बहुधा शेतीचे किंवा नोकरीचे मिळते. परंतु त्याच घरांतून कोणी आई जोंधळ्याच्या भाकऱ्या थापून विकत असते, कोणी शिवणयंत्र चालवीत असते, तर कोणी खिडकीपाशी उजेडात बसून दुसऱ्याच्या लुगड्यावर कसुती भरीत असते. या कमाईची नोंद घरच्या बोलण्यात क्वचितच होते. प्रस्तुत भाषणाचा विषय हीच न झालेली नोंद होय.

स्त्रियांना हस्तकौशल्याच्या जोरावर चार पैसे मिळवून द्यावेत, हा विचार नवा नाही. जगातील गरीब देशांत गेली पन्नास-साठ वर्षे त्यासाठी संस्था, सरकारी योजना आणि परदेशी मदत यांचा ओघ चालू आहे. त्यांतील कित्येक उपक्रम रुजले आणि कित्येक उद्घाटनाच्या हारांबरोबर सुकून गेले. एकाचा वृक्ष का झाला आणि दुसऱ्याचे रोप का करपले, याचा शोध घेतला तर एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. जेथे कारागीर स्त्रीच्या हाती कच्चा माल, भाव आणि हिशेबाची वही ही तिन्ही आली, तेथे कलेचे रूपांतर उपजीविकेत झाले. जेथे तिच्या हाती फक्त सुई राहिली, तेथे तिला शाबासकी मिळाली, परंतु चूल मात्र पूर्वीइतकीच कष्टाने पेटत राहिली.

या विधानाची परीक्षा दूर जाऊन करण्याचे कारण नाही. धारवाडची कसुती आपल्या डोळ्यांसमोर आहे. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सूती’ म्हणजे सूत, अशी या शब्दाची फोड सांगतात. या भरतकामात कापडावर नक्षी आधी काढून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर टाका घालायचा. टाके मुख्यतः चार. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंती. पहिल्या दोहोंत उलटी आणि सुलटी बाजू सारखीच दिसते. नेयगी विणकामासारखी भरीव दिसते, तर मेंती ही फुलीच्या टाक्याची. गाठ मारायची नाही हा या कामाचा कुळाचार. नक्षीत गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर, शंख, दीप असे सारे असते. देवळाच्या अंगणात वाढलेल्या मंडळींना ही चित्रे परकी वाटण्याचे कारण नाही. रेशीम फार तलम असले की त्याचे धागे डोळ्यांनी मोजता येत नाहीत. तेव्हा वर जाळीचे कापड टाचून त्याच्या घरांवर मोजणी करतात आणि काम पुरे झाल्यावर जाळीचा एकेक धागा ओढून काढतात. एक घर चुकले की पुढची सारी ओळ चुकते. मग उसवून पुन्हा आरंभ करावा लागतो.

ही कला शतकानुशतके घरात वाढली. लेकीच्या लग्नात द्यावयाच्या काळ्या चंद्रकळेवर आईने, मावशीने कसुती भरायची, हा या भागातील जुना रिवाज. त्या कामाला मोल नव्हते, कारण ते मायेने होत होते, आणि मायेचा भाव ठरवणे कोणालाही अप्रशस्तच वाटले असते. अडचण पुढे आली. लुगडे घरातून निघून दुकानात गेले, परंतु मोल न करण्याची सवय त्याच्यासोबत तशीच गेली. आईच्या हातच्या कामाला जे न्याय्य होते, ते अनोळखी गिऱ्हाइकासाठी केलेल्या कामाला न्याय्य कसे ठरेल? ‘बायका फावल्या वेळात करतात’ हे वाक्य आपण सहजगत्या उच्चारतो. या एका वाक्याने आजवर किती मजुरी बुडाली असेल, याची गणना करणे कठीण आहे. स्वयंपाक, मुले, म्हाताऱ्यांची शुश्रूषा आणि पाणी भरणे यांतून उरलेला वेळ हा फावला वेळ नव्हे. तो तिच्या दिवसाचा दुसरा पाळा होय.

एक साधा हिशेब मांडून पाहू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, एका लुगड्याच्या पदरावर आणि अंगावर बऱ्यापैकी दाट कसुती भरायची आहे आणि ती स्त्री रोज पाच तास बसते. चाळीस दिवसांत काम पुरे झाले तर तास झाले २००. तिला मजुरीचे ४,००० रुपये मिळाले. ऐकणाऱ्याला ही रक्कम हातखर्चाला बरी वाटते. परंतु भागाकार केला की ताशी २० रुपये पडतात, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला १६०. आता दुसरा आकडा पाहा, आणि तो मात्र सरकारी आहे. २०२४-२५ साली कर्नाटकात रोजगार हमीच्या कामावर माती उचलणाऱ्या मजुराला दिवसाला ३४९ रुपये दर होता. २०० तास म्हणजे आठ तासांचे २५ दिवस. त्या दराने मजुरी होते ८,७२५ रुपये. याचा अर्थ असा की या उदाहरणातील कुशल हाताला अकुशल हाताच्या निम्म्याहूनही कमी मिळाले. माती उचलण्याच्या कामाला कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु ज्या कलेसाठी वर्षानुवर्षे डोळे आणि बोटे तयार करावी लागतात, तिचे मोल त्याहून कमी ठरावे हा कोठला न्याय?

मग उरलेला पैसा जातो कोठे? येथे व्यापाऱ्याला खलपुरुष ठरवणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य होईल. रेशीम आणणे, लुगडे विकत घेऊन ठेवणे, न खपलेल्या मालाचा तोटा सोसणे, शहरातील दुकानाचे भाडे भरणे हे सारे कोणाला तरी करावेच लागते. खरा दोष असा की या साखळीत बाकी सर्वांपाशी वही असते, आणि पहिल्या कडीपाशी, म्हणजे भरणारणीपाशी, ती नसते. लुगडे कितीला विकले गेले हे तिला कळत नाही. दोरा दुकानाचा, कापड दुकानाचे, नक्षी दुकानाने सांगितलेली. मग भाव तरी तिने कशाच्या आधारावर मागावा?

कच्च्या मालाचे महत्त्व पटवून देणारे एक उदाहरण शेजारच्या बांगलादेशात घडले. १९७६ साली चितगाव विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनुस जवळच्या जोब्रा गावात हिंडत असता त्यांना बांबूचे मोडे विणणारी एक स्त्री भेटली. बांबू घेण्यापुरतेही पैसे तिच्याजवळ नव्हते. ते ज्या व्यापाऱ्याकडून घ्यायचे, त्यालाच तयार मोडा विकायचा, अशी अट होती. भाव अर्थातच त्याचा. दिवसभराच्या विणकामातून तिच्या पदरी जेमतेम काही पैसे पडत. अशा कर्जात गुंतलेल्या त्या गावातील ४२ जणांची यादी केली, तेव्हा सर्वांची मिळून गरज २७ डॉलर एवढीच निघाली. पुढे १९८३ साली ग्रामीण बँक कायद्याने स्थापन झाली आणि २००६ साली युनुस व ती बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यातून घ्यावयाचा बोध लहान पण पक्का आहे. त्या स्त्रीला विणता येत नव्हते असे नव्हे. तिच्याजवळ स्वतःचा बांबू नव्हता.

त्याच देशात १९७८ साली ‘ब्रॅक’ या संस्थेने ‘आरोंग’ नावाचे दुकान काढले. खेड्यातील स्त्रिया माल शहरातील दुकानांत ठेवीत आणि तो खपल्यावर पैसे मिळण्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहत. आरोंगने माल हाती पडताच रोख मोबदला देण्याचा शिरस्ता घातला. वाचायला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरात शनिवारच्या बाजाराचे पैसे शुक्रवारी नसतात, त्या घराला तीन महिन्यांनी मिळणारे हजार रुपये आणि आज मिळणारे हजार रुपये यांत आकाशपाताळाचे अंतर असते. मधल्या तीन महिन्यांत ती सावकाराच्या दारात गेलेली असते.

आपल्या मराठी प्रांतातील परंपराही या बाबतीत उणी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात निराधार स्त्रियांना नाना उद्योग शिकवले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. शिक्षणाबरोबर शिवण आणि हस्तकलेलाही तेथे स्थान होते. स्त्रीच्या हाताला शिक्षण देण्याचे कार्य या थोर स्त्रियांनी केले. पुढच्या काळात प्रश्न असा आला की शिकलेल्या हाताने निर्माण केलेल्या संपत्तीची मालकी कोणाची?

या प्रश्नाला गिरगावातील एका गच्चीवर उत्तर मिळाले. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. देणगी म्हणून कोणाकडूनही काही घ्यायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. हाच ‘लिज्जत’चा उगम. तेथे पापड लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक मानली जाते आणि नफातोट्यात तिचा वाटा असतो. पुढे हजारो स्त्रियांच्या संसाराला या उद्योगाने आधार दिला. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री किताब मिळाला. पापड लाटणे ही काही दुर्मिळ कला नव्हे, ती घराघरांत आहे. दुर्मिळ होती ती मालकीची वाटणी.

दुसरे उदाहरण गोमंतकाशी नाते सांगणारे आहे. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव पुढे मुंबईच्या गिरणगावात कामगार चळवळीत काम करू लागल्या. तेथे घरोघर स्त्रिया गिरणी कामगारांची खाणावळ चालवीत. दहा-पंधरा माणसांचे दोन वेळचे जेवण रांधणारी ही बाई वाण्याच्या उधारीत बुडालेली असे. वाण्याने लावलेला भाव आणि सावकाराने सांगितलेले व्याज मुकाट्याने मान्य करण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. १९७५ साली प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना एकत्र आणले आणि राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली. एकटीला ज्या बँकेची पायरी चढण्याचा धीर झाला नसता, तेथे त्या संघाने गेल्या. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, गिरण्या थंडावल्या आणि खाणावळीचा गिऱ्हाईकच नाहीसा झाला. तेव्हा मंडळाने मोठ्या प्रमाणावर जेवण पुरवण्याची कामे घेण्याकडे मोहरा वळवला. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री लाभली. त्यांच्या कार्यातून एक सावधगिरीची सूचनाही मिळते. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबलेला धंदा कितीही प्रामाणिक असला तरी तो दुसऱ्याच्या श्वासावर जगत असतो.

या सूचनेची प्रचीती हुबळी-धारवाडला अलीकडेच आली. धारवाड तालुक्यातील गरग गाव राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे. हुबळीच्या बेंगेरी भागात १ नोव्हेंबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाला भारतीय मानक ब्यूरोचा परवाना मिळून तेथे नियमानुसार राष्ट्रध्वज तयार होऊ लागले. ध्वजाचे ठरलेले आकार नऊ. सर्वांत मोठा ६,३०० मिलिमीटर लांब व ४,२०० मिलिमीटर रुंद, तर सर्वांत लहान १५० बाय १००. सुताची संख्या, रंगाची छटा, अशोकचक्राच्या आऱ्यांची जागा, टाक्यांची सफाई, सर्वांची कसोटी लागते. सूत कातण्यापासून ध्वज शिवण्यापर्यंतच्या या कामात बहुसंख्य हात स्त्रियांचे. सरकारी कचेऱ्यांवर फडकणाऱ्या ध्वजामागे उत्तर कर्नाटकातील खेड्यांच्या लेकीसुनांची मजुरी आहे, ही अभिमानाची बाब होय.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार झालेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मुभा मिळाली. घरोघर ध्वज पोचावा हा त्यामागील उद्देश होता. स्वस्त ध्वजांची रेलचेल झाली आणि खादीच्या ध्वजांच्या मागणीला त्याचा फटका बसला. २०२२ साली बेंगेरीच्या संघाने व खादी कामगारांनी याविरुद्ध आवाज उठवला. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेबद्दल श्रोत्यांत मतभेद असू शकतात. एवढे मात्र निर्विवाद की दिल्लीत कागदावर एक ओळ बदलली आणि तिचा परिणाम चरख्यावर बसलेल्या बाईच्या आठवड्याच्या मजुरीवर झाला. ती ओळ लिहिताना तिला कोणी विचारले नव्हते. म्हणून स्त्रियांच्या उद्योगाला मदत करणाऱ्याने शिक्षण आणि भांडवल यांच्या जोडीला बाजाराचे अनेक दरवाजे उघडे ठेवण्याची काळजी घेणे अगत्याचे आहे.

कर्जाविषयीही दोन शब्द स्पष्टपणे सांगणे भाग आहे. जोब्रा गावाची कथा ऐकून पुष्कळांना वाटले की बाईच्या हाती कर्ज दिले की काम झाले. पुढे या कल्पनेचा व्यापार झाला. आंध्र प्रदेशात लहान कर्जांच्या वसुलीने लोकांना हैराण केले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील सरकारला अध्यादेश काढावा लागला. कर्नाटकातही जाचक वसुलीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याविरुद्ध अध्यादेश काढला. कर्ज हे खतासारखे आहे. पीक असेल तर उपयोगी, ओसाड जमिनीत व्यर्थ. ज्या कामाची मजुरी ताशी २० रुपये आहे, त्या कामासाठी कर्ज काढले तर ते फिटणार कशातून? आधी भाव सुधारला पाहिजे, मग कर्ज.

भाव न सुधारल्यास काय होते, याचे उदाहरणही धारवाड जिल्ह्यातच आहे. नवलगुंदचे जमखाने एके काळी घरोघरीच्या बैठकीची शोभा होते. मोर आणि सोंगट्यांचा पट यांच्या ठसठशीत नक्षीचे हे जमखाने मुसलमान घरांतील स्त्रिया उभ्या मागावर विणीत आल्या. ही विद्या लेकीला न शिकवता सुनेला शिकवीत असत असे सांगतात, कारण लेक परघरी गेली की नक्षीही बाहेर जाईल. इतक्या प्राणपणाने जपलेली विद्या आज बोटांवर मोजण्याइतक्या घरांत उरली आहे. नक्षीची चोरी झाली म्हणून ती लोपत चालली असे नाही. पोट भरत नाही म्हणून सुनेने माग सोडला. जी कला कारागिराला पोसत नाही, तिचे आयुष्य प्रदर्शनातील काचेच्या कपाटापुरते उरते.

कसुती, नवलगुंदचे जमखाने, इरकलची लुगडी यांना भौगोलिक निर्देशांकाचे कायदेशीर संरक्षण मिळाले आहे. १९९९ साली झालेल्या या कायद्यामुळे भलत्याच ठिकाणचा माल त्या नावाने विकण्यास प्रतिबंध होतो. ही सोय मोलाची आहे. परंतु कायदा नावाचे रक्षण करतो, मजुरीचा दर ठरवीत नाही. शिवाय संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कसुतीसारखी दिसणारी नक्षी भराभर निघते आणि छापील नकलाही मिळतात. त्या घेण्यात पाप नाही. स्वस्त वस्तू स्वस्त म्हणून घ्यावी. हातकामाच्या नावाने आणि हातकामाच्या भावाने ती गळ्यात पडू नये एवढेच. याची परीक्षा सोपी आहे. लुगड्याची उलटी बाजू पाहावी. गवंती आणि मुरगी दोन्ही अंगांनी सारखी, गाठीविना दिसली पाहिजे. यंत्राच्या कामाची पाठ वेगळीच दिसते, तेथे खालच्या दोऱ्याची गुंतवळ असते. गिऱ्हाईक उलटी बाजू पाहू लागले की प्रामाणिक हाताला आपोआप मान मिळतो.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. मजुरी दुप्पट केली तर लुगडे महाग होईल, गिऱ्हाईक पाठ फिरवील आणि आहे ते कामही जाईल, असे व्यापारी म्हणतात. संपूर्ण भरलेल्या लुगड्याच्या बाबतीत ही भीती काही अंशी खरी आहे. असे लुगडे घेणारी कुटुंबे थोडीच असणार. म्हणूनच जाणते कारागीर दाट कामाचे लुगडे मोजक्या गिऱ्हाइकांसाठी ठेवतात आणि त्याच्या जोडीला पदराची किनार, चोळीच्या बाह्या, पिशवी, उशीचा अभ्रा अशा दोन-चार दिवसांत होणाऱ्या वस्तू करतात. मजुरी पुरती, वस्तू लहान, भाव आवाक्यात. हा मार्ग कलेला कमीपणा आणणारा नाही. प्रत्येक भरणारीणीचा सारा संसार एकट्या कसुतीवर चालेल, अशी आशा दाखवणेही अयोग्य होईल. शेती, शिवण, भाकऱ्या यांच्या जोडीला हा एक भक्कम खांब ठरावा, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

आता महाजन कुटुंबांचे कर्तव्य काय, या मुद्द्याकडे येऊ. देवळाचा कारभार पाहणाऱ्या मंडळींना हिशेब शिकवण्याची आवश्यकता नाही. देवाच्या तेलवातीचा खर्चही पै-पैसह वहीत उतरतो आणि वर्षअखेरीस सर्वांसमोर वाचला जातो. हीच शिस्त कारागीर स्त्रियांच्या उपयोगी पडू शकेल. देवीची ओटी भरताना नारळाबरोबर आपण जो खण ठेवतो, त्याचे नाव बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डशी जोडलेले आहे. तेथील मागावर आणि मागाआधीच्या सूत भरण्याच्या कामात स्त्रियांचे हात लागतात. वर्षाकाठी देवीपुढे किती खण येतात, याची गणना केली तर देवस्थान हे केवढे मोठे गिऱ्हाईक आहे हे ध्यानात येईल. अस्सल हातमागाचा खण कारागिरांच्या संस्थेकडून थेट मागवून देवळाच्या आवारात रास्त भावाने ठेवता येणार नाही काय? उत्सवाच्या निमित्ताने पाहुण्यांना शालश्रीफळ देण्याऐवजी कसुतीचे एखादे वस्त्र देता येणार नाही काय?

कुटुंबांपुरत्या सूचना आणखी साध्या आहेत. लग्नासाठी कसुतीचे लुगडे हवे असेल तर मुहूर्त ठरताच काम सांगावे. घाईने सांगितलेल्या कामात भरणारीण रात्रीच्या दिव्यात डोळे फोडते. दोऱ्यापुरती आगाऊ रक्कम द्यावी आणि वस्तू हाती येताच बाकी चुकती करावी. घासाघीस करायचीच असेल तर ती कापडाच्या भावात करावी, टाक्यांच्या मजुरीत करू नये. दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा. ‘यातील मजुरी किती, आणि ती कोणाला मिळाली?’ पहिल्या वेळी तो हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारल्यावर तो उत्तर शोधील.

सर्वांत शेवटची आणि बहुधा सर्वांत महत्त्वाची सूचना महाजन घरांतील शिकलेल्या तरुण पिढीसाठी आहे. सप्तापुरात परीक्षेच्या तयारीसाठी राहणाऱ्या मुलामुलींना टक्केवारी, काळ-काम-वेग यांची गणिते तोंडपाठ असतात. त्यांनी रविवारचा एक तास शेजारच्या एखाद्या भरणारीणीजवळ बसून तिला एक वही घालून द्यावी. डाव्या पानावर तारीख, तास आणि दोऱ्याचा खर्च. उजव्या पानावर मिळालेले पैसे. महिन्याअखेरी भागाकार तिचा तिनेच करावा. जिला धागे मोजता येतात, तिला रुपये मोजणे कठीण नाही. तिच्यापुढे आजवर कोणी वही ठेवली नाही, एवढेच. अशा पाच-दहा वह्या एकत्र आल्या की त्या स्त्रियांनाच दिसून येईल की कोणते काम परवडते आणि कोणते नाकारावे. नाकारण्याची शक्ती आली की भावाची बोलणी करण्याची शक्तीही येते. संघ, सहकारी संस्था, बँकेचे खाते या सर्व पुढच्या पायऱ्या तेथून सुरू होतात.

दया दाखवून घेतलेली वस्तू कपाटात पडून राहते आणि देणारीला पुढच्या वर्षी पुन्हा दयेची वाट पाहावी लागते. योग्य मोल देऊन घेतलेली वस्तू अंगावर वापरली जाते, चारजणींच्या नजरेत भरते आणि पुढचे काम घेऊन येते. कारागीर स्त्रीला उपकार नको आहेत. तिला तिच्या तासांचे पैसे हवे आहेत, वेळेवर हवे आहेत, आणि ते कसे ठरले हे समजण्याचा अधिकार हवा आहे. एवढे जरी या मेळाव्यातून प्रत्येक कुटुंबाने घरी नेले, तरी या विषयावर एकत्र बसल्याचे सार्थक होईल.